जोडणी अडते तेव्हा: टीसीपीडंप की वायरशार्क?

सर्व्हर चालू आहे, पिंगला उत्तर येते, तरीही जोडणी होत नाही, अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा पॅकेटांचे (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचे) हेडर, म्हणजे पत्ते आणि नियंत्रणाची माहिती असलेला सुरुवातीचा भाग, वाचलेले बरे. त्यासाठी टर्मिनलवर आज्ञा देऊन चालणारे टीसीपीडंप घ्यावे की पॅकेट खिडकीत उलगडून दाखवणारे वायरशार्क, हा प्रश्न नव्याने या कामात आलेल्यांना पडतोच. टीसीपीडंप १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झाले. वायरशार्क १९९८ मध्ये इथिरिअल या नावाने आले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. लिनक्सवर दोन्ही साधने लिबपीकॅप या एकाच लायब्ररीच्या आधारे पॅकेट टिपतात, त्यामुळे खरा फरक टिपण्यात नसून वाचून दाखवण्याच्या रीतीत आहे.

जोडणी मुळातच होत नसेल, तर माझा कौल टीसीपीडंपला आहे. ते बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर आधीच असते किंवा सहज बसवता येते, ग्राफिकल पडद्याची गरज नसते आणि प्रत्येक पॅकेट एका ओळीत दिसते. सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, एक, दोन, चार सेकंदांच्या वाढत्या अंतराने पुन्हापुन्हा जात असेल आणि उत्तर येत नसेल, तर वाटेत कोणीतरी ते गुपचूप टाकून देत आहे किंवा उत्तराची परतीची वाट चुकली आहे; यांपैकी नेमके काय, हे सर्व्हरच्या बाजूनेही टिपल्यावरच कळते. उलट ताबडतोब रीसेट, म्हणजे जोडणी तोडणारे पॅकेट, आले, तर त्या पोर्टवर (सेवेच्या क्रमांकावर) कोणताही प्रोग्राम ऐकत नाही किंवा फायरवॉल स्पष्ट नकार देत आहे. येथे टीटीएल, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकते हे सांगणारे हेडरमधले क्षेत्र, फार उपयोगी पडते. लिनक्स ते सहसा ६४ पासून आणि विंडोज १२८ पासून सुरू करते, आणि प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. सर्व्हरच्या इतर पॅकेटांवर टीटीएल ५२ असताना रीसेटवर ६१ दिसले, तर ते रीसेट सर्व्हरने नव्हे, मधल्या एखाद्या उपकरणाने पाठवल्याचा दाट संशय घ्यावा. मात्र टीटीएल दिसण्यासाठी सविस्तर छपाईचा पर्याय द्यावा लागतो.

जोडणी होते पण पुढे अडकते, तेव्हा पारडे वायरशार्ककडे झुकते. पीपीपीओई या ब्रॉडबँडच्या पद्धतीत आठ बाइट खर्ची पडून एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ उरतो. हँडशेकची, म्हणजे जोडणी जुळवणाऱ्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीची, छोटी पॅकेट सुखरूप जातात. तुकडे न करण्याची खूण असलेली मोठी पॅकेट गळतात, आणि तसे कळवणारा आयसीएमपी संदेश एखाद्या फायरवॉलने अडवला, की पाठवणारा तोच भाग पुन्हापुन्हा पाठवत राहतो. ही पुनरावृत्ती वायरशार्क वेगळ्या रंगात दाखवते आणि सिनमधील एमएसएस (एका पॅकेटमधील डेटाची मर्यादा) १५०० च्या एमटीयूला साजेसा १४६० आहे की १४९२ ला साजेसा १४५२, हे क्षणात तपासता येते. विंडोचे, म्हणजे घेणारा अजून किती डेटा घेऊ शकतो या आकड्याचेही तसेच: टीसीपीडंप हेडरमधला कच्चा आकडा छापते, तर हँडशेक टिपलेला असल्यास वायरशार्क त्याला हँडशेकमध्ये ठरलेल्या स्केलने (गुणकाने) गुणून खरा आकडा देते. विंडो शून्यावर आली असेल, तर दोष नेटवर्कचा नाही, घेणारा अनुप्रयोगच मागे पडला आहे, आणि हे वेळीच कळल्याने फायरवॉलची निष्फळ तपासणी वाचते.

तरीही रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘रिट्रान्समिशन’ (पुन्हा पाठवलेले पॅकेट) हे हेडरमधले क्षेत्र नसून वायरशार्कने काढलेला निष्कर्ष आहे; टिपतानाच पॅकेट सुटली असतील, तर तो चुकू शकतो. टीसीपीडंपचाही एक चकवा आहे. चेकसम (चूक ओळखण्यासाठीचा पडताळणीचा आकडा) नेटवर्क कार्ड भरत असेल, तर पाठवणाऱ्या यंत्रावर टिपलेल्या पॅकेटांचे चेकसम सविस्तर छपाईत चुकीचे दिसते, आणि प्रत्यक्षात ती पॅकेट निर्दोष असतात.

सर्व्हर दूर असेल, तर टीसीपीडंपने फाइलमध्ये टिपून ती आपल्या संगणकावर वायरशार्कमध्ये उघडावी, असे मी सुचवेन. प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच घ्यावेत. इथरनेटचे १४, आयपीव्ही६ चे ४० आणि टीसीपीचे कमाल ६० मिळून ११४ होतात, म्हणजे नेहमीची हेडर पूर्ण येतात आणि वापरकर्त्यांचा बहुतेक मजकूर फाइलबाहेर राहतो. टिपण्याचे काम टीसीपीडंपने केल्यामुळे वायरशार्क रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारांसह, चालवणेही टळते. फाइल उघडण्यापूर्वी टीसीपीडंपने शेवटी छापलेला, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) गाळलेल्या पॅकेटांचा आकडा पाहावा. तो शून्य नसेल, तर कोणती पॅकेट टिपायची हे ठरवणारा फिल्टर अधिक नेमका करून पुन्हा टिपावे.