लिमिट ऑर्डरचं 'मॉडेल' विकणाऱ्यांपासून सावध राहा

देवगडच्या माझ्या काकांच्या हातात आंब्याचे पैसे आले आणि त्याच सुमारास एका माणसाने त्यांना गाठलं. शेअरबाजारात लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच घ्यायची-विकायची ऑर्डर) कुठे लावायची ते सांगणारं मॉडेल आहे, ९७ टक्के ऑर्डरी लागतात, म्हणजे सौदा होतो, असं सांगून त्याने ६० हजार घेतले. नंतर सौद्यांत बुडाले ते वेगळेच. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून काकांनी त्याचा रिपोर्ट मला पाठवला. वाचून डोकं फिरलं.

एक ओळ बघा. खरेदी ४१२.५० ला लावली, दिवसाचा नीचांक ४१२.५०, पुढे शेरा 'ऑर्डर लागली'. भाव तिथे टेकला की शेअर मिळाले, असं सरळ धरलंय. एक्स्चेंजवर तसं होत नाही. एकाच भावाच्या ऑर्डरींत जी आधी आली ती आधी लागते. आपल्या पुढे १०,००० शेअर उभे असतील आणि त्या भावाला २,०००चाच सौदा झाला, तर दुपारी साडेतीनला आपली ऑर्डर रद्द.

आणि ज्या ऑर्डरी त्याने स्वतःच रद्द दाखवल्यात, त्या तर हिशेबातूनच काढल्या. उरलेल्यांत ९७ टक्के लागलेल्या, बाकी अर्धवट. रुग्ण किती काळ जगले हे मोजताना मधेच तपासणीला यायचं थांबलेल्याला कोणी वगळत नाही. 'निदान इतके दिवस तरी' म्हणून तो मोजला जातो. रद्द झालेली ऑर्डरही तशीच, 'निदान इतका वेळ तरी लागली नाही' म्हणून मोजायची असते. झालेल्या सौद्यांवरून कल्पनेने 'लागलेल्या' ठरवलेल्या ऑर्डरी प्रत्यक्ष ऑर्डरींशी जुळत नाहीत, हे लो, मॅकिनले आणि झँग या संशोधकांनी २००२ मध्येच दाखवलंय.

काकांनी दुखणं नेमकं ओळखलं होतं: "भाव वर गेलो काय ऑर्डर तशीच रवता, खाली इलो काय लगेच लागता." चढणारे शेअर हाती येत नाहीत, पडणारे तेवढे गळ्यात पडतात. रिपोर्टात मात्र चढलेले सगळे आपल्याला मिळालेले!

आता तो मॉडेलवाला फोन उचलत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

असा कोणी तुमच्याकडे आला तर लावलेल्या सगळ्या ऑर्डरींची नोंद मागा, रद्द झालेल्यांसकट, वेळेसकट, आणि तीही ब्रोकरकडची. त्याने स्वतः बनवलेली एक्सेल शीट नको. अल्गोच्या (आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा दावा करायचा नाही, तो करणाऱ्यांशी संबंधही ठेवायचा नाही, असं बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच ब्रोकरांना बजावलंय. तेव्हा 'तुमच्या ब्रोकरशी आमचं टायअप आहे' असं तो म्हणाला, तर पैसे देण्याआधी ब्रोकरला लेखी विचारा.