टोनीबॉक्स आणि आजीची ९० मिनिटं

आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटी. नवरा जर्मन, त्यातही नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन भागातला. आम्ही तिथल्याच श्टुटगार्ट शहरात, फॉयरबाख या भागात राहतो. लेक साडेचार वर्षांचा. तो जन्मल्यापासून मी त्याच्याशी मराठीतच बोलते, बाप जर्मनमध्ये बोलतो, आणि आम्ही नवराबायको आपसात जर्मनमध्ये. म्हणजे लेकाच्या कानावर पडणारी सगळीच्या सगळी मराठी माझ्या एकटीच्या तोंडची. मी चिडले की मराठी चिडायची, मी कामावर गेले की मराठीही कामावर जायची. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. टोनीबॉक्स या मुलांना गोष्टी ऐकवणाऱ्या डब्याबद्दल लिहायला बसले ती म्हणूनच. घरात एकाच माणसाची मराठी असेल तर हा डबा कशाच्या कामाचा, हे मला दीड वर्षाच्या वापरातून कळलंय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. मऊ कापडात मढवलेला चौकोनी ठोकळा, एक बाजू साधारण १२ सेंटिमीटरची. डोक्यावर दोन कान, एक मोठा आणि एक लहान. मोठा दाबला की आवाज वाढतो, लहान दाबला की कमी होतो. एका कुशीवर चापट मारली की पुढची गोष्ट, दुसऱ्या कुशीवर मारली की मागची. पडदा नाही, दिसायला काहीच नाही. वर एक छोटी बाहुली ठेवायची, ती लोहचुंबकाने चिकटते आणि गोष्ट सुरू होते. उचलली की बंद, परत ठेवली की जिथे थांबली होती तिथून पुढे. ड्युसेलडॉर्फच्या कंपनीने हा डबा २०१६मध्ये बाजारात आणला आणि आता इथे लहान मुलं असलेल्या घरात तो हमखास दिसतो. बाहुली पहिल्यांदा ठेवली की वायफायवरून गोष्ट डब्यात उतरते. तोवर दिवा निळा लुकलुकतो, उतरून झाली की हिरवा होतो. त्यानंतर इंटरनेट लागत नाही. तीन वर्षांचं पोर कुणाच्याही मदतीशिवाय चालवू शकतं. आमच्याकडे तो लेकाच्या तिसऱ्या वाढदिवसाला आला, जर्मन गोष्टींसाठी. वर्षभर डबा जर्मनच बोलत होता.

मराठीचं सुचलं ते घड्याळामुळे. माझी आई कराडजवळच्या गावात असते. इथे रात्री आठ वाजता लेक अंथरुणात शिरतो तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. ज्या वेळी मुलाला गोष्ट हवी असते त्या वेळी आजी झोपलेली असते. दुपारचे व्हिडिओ कॉल व्हायचे, पण त्यांत काय व्हायचं ते परदेशात राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. जेवलास का? हो. काय जेवलास? नूडल. कधी येणार आजीकडे? आणि तोवर लेक दुसऱ्या खोलीत पळालेला असतो, आजी कोचाच्या पाठीशी बोलत असते.

या डब्याला क्रेआटिव्ह-टोनी नावाच्या बाहुल्या मिळतात. त्या रिकाम्या येतात. त्यांत आपण स्वतः रेकॉर्ड केलेलं भरता येतं, एका बाहुलीत ९० मिनिटं. मी एक आणली आणि आईला फोन केला, म्हटलं, गोष्टी सांगून पाठव. ती नको नको म्हणायला लागली. "आगं, माझी बोली कसली? पुण्याच्या कुणाकडनं तरी नीट शुद्ध करून घे. पोराला काय वंगाळ शिकवू?"

तिचं हे बोलणं मला लागलं. पन्नास वर्षं घरदार, शेत, बाजार, लग्नकार्य जिने त्या बोलीत सांभाळलं, तिला ती बोली नातवाला द्यायची लाज वाटावी! नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्या शाळेतही श्वेबिश, म्हणजे श्वाबेनची बोली, बोललं की बाई हटकायच्या. आम्ही राहतो त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९९९पासून कितीतरी वर्षं स्वतःची जाहिरात केली ती "आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही" या वाक्यावर. म्हणजे इथल्या लोकांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मग दुसरी बाहुली आणली ती सासूबाईंसाठी. त्यांनीही श्वेबिशमध्येच गोष्टी भरल्या, घराला हाउसऐवजी हाइस्ले म्हणत. आईला मी ते ऐकवलं. कळलं काहीच नाही तिला, पण म्हणाली, "ह्यास्नी चालतंय तर मला का न्हाई चालणार?" आणि बसली फोन घेऊन.

रेकॉर्डिंग कसं करायचं ते अनुभवावरून सांगते, कारण डब्यात येणाऱ्या आवाजाचा सगळा खेळ तिथेच आहे. पंखा बंद. पंखा चालू असला की डब्यातून नुसती घरघर येते. गोधडी अंथरून त्यावर फोन ठेवायचा आणि म्हाताऱ्या माणसाला हातात फोन धरायला लावायचा नाही, हात हलतो आणि आवाज लांबजवळ होतो. एका गोष्टीला एक रेकॉर्डिंग, पाच ते आठ मिनिटांचं. पण कुकरची शिट्टी आली, बाहेरून भाजीवाली ओरडली, तर पुन्हा करायला लावू नका. माझ्या लेकाला त्या भाजीवालीचं "मेथी घ्या, पोकळा घ्या" तोंडपाठ आहे. मी त्याला मेथी शब्द शिकवला नव्हता. माझ्या एकटीच्या मराठीत दारावर भाजी विकायला येणारी बाई येणार तरी कुठून?

आलेल्या फाइली मी संगणकावरून बाहुलीला जोडल्या, बाहुली डब्यावर ठेवली, दिवा निळ्याचा हिरवा झाला, आणि आई बोलायला लागली. "ऐकतुयास न्हवं सोन्या?" लेक दचकला. डब्याच्या मागे वाकून बघितलं. मग डब्याच्या मोठ्या कानाला तोंड लावून म्हणाला, "हो आजी." आई गोष्टीत मधे मधे विचारते, "मग कावळा कुठं गेला आसंल?", आणि थोडी थांबते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिची तशी सवयच आहे. त्या थांबण्यात लेक उत्तर देतो. दिवसभर मी काही विचारलं तर मला जर्मनमध्ये उत्तर देणारा मुलगा डब्याला मराठीत उत्तर देत होता, कारण आजीला जर्मन येत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. माझ्याशी मराठी बोलणं त्याच्या दृष्टीने ऐच्छिक होतं, आजीशी ते लागतंच.

व्याकरणाचं एक उदाहरण देते. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे, जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे माझा लेक म्हणायचा, "आई, आम्ही बागेत जाऊया." मी शंभरदा दुरुस्त केलं असेल. पण घरात मी एकटी मराठी बोलणार, तर मी "आम्ही" म्हणणार कुणाबद्दल? आजीच्या गोष्टींत दोन्ही आहेत. "आम्ही ल्हान हुतो तवा नदीला जायचो", आणि लगेच, "आता आपण काय करायचं? आपण डोळं मिटायचं." दोन महिन्यांनी एका सकाळी बूट घालताना तो म्हणाला, "आई, आज आपण सायकल नेऊया." मी काही बोलले नाही, त्याच्या बुटाचा पट्टा लावत राहिले, पण गळा दाटून आला होता. तसंच सूर्याचं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, म्हणून तो "सूर्य आली" म्हणायचा. आता बाल्कनीत उभा राहून म्हणतो, "आई, दिस बुडाला." सूर्याचं लिंग चुकायचा प्रश्नच मिटला.

हे सगळं मी कौतुकाने सांगतेय, पण यामागे एक दुखरी गोष्ट आहे. तो पावणेतीन वर्षांचा असताना आम्ही शहरातल्या मोठ्या ग्रंथालयातून यू-६ नंबरच्या ट्रामने परत येत होतो. खिडकीतून त्याला जेसीबी दिसला आणि तो आनंदाने ओरडला, मीही तशाच आवाजात उत्तर दिलं. समोर बसलेला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "इथे जर्मन बोलतात." मला चांगलं जर्मन येतं, मी त्याला उत्तर देऊ शकले असते. मी गप्प बसले. घरापर्यंत गप्प. त्याच महिन्यात पाळणाघरातल्या एका बाईंनी सुचवलं की मुलगा कमी बोलतो, घरी जर्मनच बोला. मुलांच्या डॉक्टरांनी मात्र मला समोर बसवून सांगितलं, दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, तुमची भाषा सोडू नका. मी सोडली नाही. पण ट्राममध्ये, दुकानात, दवाखान्याच्या बाकावर माझा आवाज आपोआप खाली गेला, तो खालीच राहिला.

पुढे वर्षभराने बेकरीच्या रांगेत लेकाने माझी बाही ओढली. "आई, हळू बोल." मी विचारलं, का रे? "तूपण बाहेर हळू बोलतेस." त्या ट्राममधल्या माणसाचा मला तितका राग नाही जितका या एका वाक्याने मी हलले. लाज त्याला कुणी परक्याने शिकवली नव्हती, माझ्या आवाजाने शिकवली होती. कुजबुजत बोलायची भाषा म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट, हे मुलाला न सांगता कळतं.

आजीला लपवायचं काही माहीत नाही. ती शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखी बोलते, आणि लेक डब्याचा मोठा कान दाबून तिला आणखी मोठी करतो. शेजारच्या मुली खेळायला आल्या तेव्हा त्याने स्वतःहून आजीची बाहुली ठेवली आणि त्यांना जर्मनमध्ये समजावून सांगायला लागला, आता भोपळा पळणार. त्या मुली दोन दिवस "टुणुक टुणुक" करत होत्या. मग मी त्याला सांगितलं, जर्मनीत जेवढी माणसं राहतात ना, साधारण तेवढीच माणसं मराठी बोलतात, आठ कोटींच्या वर. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली होती. त्याला कोटी कळत नाही. "म्हणजे ट्राममध्ये मावणार नाहीत?" एवढंच त्याने विचारलं.

आता घेणाऱ्यांसाठी. डबा आम्हाला ९० युरोच्या आसपास पडला, रिकामी बाहुली १२ युरोच्या. स्वस्त नाही. जुना, वापरलेला मिळतो आणि चांगला चालतो. इथली बरीच ग्रंथालयं गोष्टींच्या बाहुल्या उसन्या देतात, त्यामुळे जर्मन गोष्टींवर खर्च करायची गरज नाही, पैसे रिकाम्या बाहुल्यांवर घाला. ९० मिनिटं कमी वाटत नाहीत, पण आजी एकदा रंगात आली की भरतात. नवीन भरायचं तर जुनं काढावं लागतं. तिथे माझ्या हातून एक नुकसान झालं, ते मला अजून सलतं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गोष्टीच्या मधे माझ्या वडिलांचा आवाज होता, "आगं दूध उतू चाललंय", आणि आई गोष्ट सोडून पळाली होती. जागा करायला मी ते पुसलं आणि मूळ फाइल फोन बदलताना गेली. तसं दूध परत उतू जाणार नाही. म्हणून कळकळीने सांगते, प्रत्येक फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

घरात दोघंही आईबाप मराठी असतील, शनिवार-रविवार मराठी घरांत जाणंयेणं असेल, तर याची तेवढी गरज नाही. सात वर्षांपुढच्या मुलांना तो बाळबोध वाटेल. आणि डबा लावून देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो तर अर्धा उपयोग वाया जातो. पहिले पंधरा दिवस मी रोज शेजारी आडवी पडून ऐकलं. आजीच्या प्रश्नाला आधी मी उत्तर द्यायची, मग तो द्यायला लागला, मग मला गप्प करून तोच द्यायला लागला. आता आई दर महिन्याला दोन नव्या गोष्टी पाठवते. मामाने बैलपोळ्याची सगळी हकिगत भरून पाठवली, मावशीने नुसती भांडी घासता घासता बडबड केलीय, आणि लेकाला तीच सगळ्यांत जास्त आवडते.

गेल्या शनिवारी पुन्हा यू-६ने ग्रंथालयातून येत होतो. गर्दी होती, मला झोप लागायला आली होती. लेक सीटवर गुडघे टेकून बाहेर बघत होता. एकदम वळला आणि डब्यातल्या आजीच्याच आवाजात, ट्रामच्या अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडला, "आई ऊठ, फॉयरबाख आलं, आपण उतरूया!"

दोनचार माना वळल्या. मी पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या इतक्याच मोठ्याने म्हणाले, "हो रे सोन्या, चल, उतरूया."