गावप्रमुख नेमताना: निवृत्त गुरुजी की बचत गटातल्या ताई?

संस्था नोंदवून झाली, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी ओळख झाली, आता गावात बिनपगारी काम बघणारं कोण? मानसिक आरोग्यावर काम करणारी बहुतेक छोटी मंडळं इथेच अडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात आम्हीही अडलो होतो. तुम्ही आता त्याच टप्प्यावर असाल, तर माझा अनुभव मांडतो. गाव बदललं की हिशेब बदलतो, हे धरूनच वाचा.

काही नावं आधीच बाजूला ठेवता येतात. सरपंचाच्या घरातलं कोणी नको. गावात दोन पार्ट्या असतातच आणि अर्धं गाव पहिल्याच दिवशी तुटतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं मनापासून करतात, पण वर्षभरात अमरावती नाहीतर नागपूर गाठतात. आशाताईंवर प्रेरणा प्रकल्पाच्या (शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचा सरकारी कार्यक्रम) घरोघरच्या पाहणीपासून लसीकरणापर्यंत सगळं आधीच आहे, त्यांची साथ घ्यावी, आणखी एक पद लादू नये. मग उरतात दोघंच: निवृत्त गुरुजी आणि बचत गटातल्या एखाद्या जाणत्या ताई.

गुरुजींची बाजू भक्कम आहे. पेन्शन आहे, वेळ आहे, गावात शब्दाला मान आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण त्याचं प्रमाणपत्र काढायचं, मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा, हे घरच्यांच्या एकट्याच्या आवाक्यातलं नसतं. आमचे एक गुरुजी फोनवर नुसतं “अरे, तू माझ्याच वर्गात होतास ना?” म्हणायचे आणि अडलेला दाखला निघायचा. सभेतही ते उजवे. विष घेतलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना घरचे पोलिसांच्या धाकानं “फवारताना अंगावर उडालं” असं सांगतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, हे पारावर उभं राहून ठणकावून सांगावं तर गुरुजींनीच.

ताईंकडे यातलं फारसं काही नाही. रजिस्टर अर्धं कोरं असतं, महिन्याचा अहवाल व्हॉट्सॲपवर आवाजी निरोपातून येतो आणि तो आपल्यालाच उतरवून घ्यावा लागतो. आजाराचं नाव विचारलं तर त्या गप्प राहतील. पण निंदणाच्या पट्टीत शेजारच्या बाईला त्या विचारतात, “काहून वं, दोन रोजापासून डबा नाही आणत तू?” आणि तिथून गोष्ट निघते. झोप नाही, जेवण नाही, जगून काय करू, असं सगळं त्या कामाच्या ओघात बाहेर येतं. आमच्या ताईंच्या घरी दीर बऱ्याच वर्षांपासून औषधावर आहेत. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट त्यांना पाठ आहे. “गोळीनं पहिले पहिले सुस्ती येते, मंग उतरते, सोडू नको,” हे त्या सांगतात तेव्हा ऐकणारा गोळी चालू ठेवतो. तेच वाक्य मी सांगून पाहिलं आहे, तितकं लागू पडत नाही.

आता ज्या गोष्टीवर माझं मत ठरलं ती सांगतो. फोटो. एका गावात आमचे गुरुजी प्रत्येक गृहभेटीचा फोटो काढायचे. शाळेत असताना प्रत्येक उपक्रमाचा फोटो वर पाठवावा लागे, तीच सवय. हेतू स्वच्छ होता. एका घरी बाजेवर बसलेला माणूस, हातात गोळ्यांचं पाकीट, शेजारी गुरुजी आणि मागे आमच्या संस्थेचं बॅनर, असा फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. त्या घरात मुलीला बघायला पाहुणे येणार होते. दुसऱ्या भेटीला त्या माणसाची बायको उंबऱ्यातच उभी राहिली, “गुर्जी, आता नका येऊ.” त्या महिन्याची औषधं आणायला घरातून कोणीच गेलं नाही.

आम्ही गुरुजींशी बोललो. त्यांनी मान्य केलं. काही दिवसांनी पुन्हा फोटो आला, या वेळी पाठमोरा. गावात पाठ ओळखायला चेहरा लागत नाही. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची, हा रुग्णाचा हक्क त्याच 2017 च्या कायद्यात लिहिलेला आहे. तो दवाखान्यांना आणि डॉक्टरांना बांधतो, पण आपण गावात त्याहून खालच्या पायरीवर उभं राहू नये, एवढं तरी पाळलंच पाहिजे. देणगीदार फोटो मागतात, हे खरं. आम्ही बैठकीच्या सतरंजीचा, पत्रकांच्या गठ्ठ्याचा फोटो देतो आणि कारण स्पष्ट सांगतो.

ताई विरजण मागायला जातात. त्या कुणाकडे कशासाठी गेल्या, हे गल्लीला कळत नाही. सगळ्याच ताई अशा असतात असं नाही. म्हणून नेमण्याआधी त्यांच्यापाशी गावातल्या कुणाचा तरी विषय सहज काढून बघा. ज्या लगेच सगळं सांगून मोकळ्या होतात, त्यांना हे काम देऊ नका.

एक अडचण मात्र खरी आहे. दारू आणि कर्जाच्या कात्रीत सापडलेला कास्तकार ताईंशी बोलत नाही. पण ज्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या त्या गुरुजींपुढेही तो मोकळा होत नाही. त्याची बायको ताईंशी बोलते, आणि फवारणीचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवायचं काम बहुतेकदा तिथूनच सुरू होतं.

गावातल्या माणसांकडून हे काम होतं का, अशी शंका कोणी काढलीच तर अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेला विश्राम हा कार्यक्रम दाखवा. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 18 महिन्यांनी 27.2 टक्क्यांवर गेलेलं दिसलं.

तुमच्या गावात कागदपत्रांचीच कामं जास्त असतील तर गुरुजी चुकीचे ठरणार नाहीत. एकच नाव घ्यायचं असेल तर मी ताईंचं घेईन आणि दाखल्यांपुरतं गुरुजींना सोबत ठेवीन. फक्त ताईंची मजुरी बुडते हे ध्यानात असू द्या. बैठकीला बोलावताना एसटीचं भाडं आणि त्या दिवसाचा रोज आधी हातात द्या, कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवू नका, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तुमच्यासमोर साठवून, एकदा लावून दाखवा.