विहिरीवर सौर पंप की लाइटचं कनेक्शन?

थोरल्या भावाच्या विहिरीवर लाइटची मोटर आहे, माझ्या वाटणीच्या विहिरीवर पाच एचपीचा सौर पंप. वाटणीआधी बारा वर्षं लाइटच्याच मोटरीवर पाणी दिलं, त्यामुळे दोन्हींबद्दल अनुभवाने बोलतो.

बिलाचा मुद्दा आता राहिलेला नाही. 2024 पासून 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्केच हिस्सा भरावा लागतो.

माझा निर्णय झाला तो रात्रपाळीमुळे. आमच्या फीडरवर, म्हणजे शेतीला लाइट पुरवणाऱ्या लाइनवर, मोटर चालवायला लागणारी थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. गव्हाचं पाणी ऐन थंडीत येतं. ऑटो बसवला की मोटर आपोआप चालू होते, पण वाफ्याचं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला माणूसच लागतो. आमचा जुन्नर तालुका बिबट्याचा; शेजारी ऊस. एका रात्री दीडच्या सुमारास दारं धरत होतो. पाय चिखलात, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी. उसात पाचट वाजलं आणि मी तिथेच थिजलो. काय होतं ते दिसलं नाही. घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. पुढच्याच आठवड्यात मी सौरचा अर्ज भरला.

लाइटच्या मोटरीचा जोर मात्र मान्य करायलाच हवा. थ्री फेज आहे तोवर पाणी एका धारेने पडतं. सौरचं तसं नाही. सकाळी नऊपर्यंत धार बारीक, श्रावणात ढग आले की दिवस वाया. ज्याचं पावसाळी भाजीपाल्याचं पीक मोठं आहे, त्याला हे कदाचित जड जाईल. उलट लाइटची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की ती बदलून येईपर्यंत पीक वाळत बसतं. ते दिवस आम्ही दोन हंगाम काढले.

तुमचा फीडर सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे फीडरलाच सौर वीज देणाऱ्या योजनेत, येऊन दिवसा लाइट मिळू लागली असेल, तर कनेक्शनच घ्या, असं मीही म्हणेन. पण रात्रपाळी चालू असेल तर माझं मत सौरकडे झुकतं.

पॅनेलची जागा दाखवताना घाई करू नका. माझ्या बांधावरच्या आंब्याची सावली तीननंतर दोन पॅनेलवर येते आणि धार तिथूनच कमी होते.