ऑर्किड आयडी: पहिला पेपर पाठवण्याआधीच काढा

पीएचडीतले माझे दोन पेपर पूर्ण नावाने छापले गेले, पुढचे तीन नुसत्या आद्याक्षरांनी. पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनपदाच्या) मुलाखतीत समितीसमोर तीनच होते. उरलेले दोन माझेच, हे पटवण्यात अर्धा वेळ गेला. फार लागलं मनाला. त्याच रात्री ऑर्किड (ORCID) काढला, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा त्याचा स्वतःचा क्रमांक.

२०१२ पासून चालू असलेली ही सेवा संशोधकांना मोफत आहे. १६ अंकी क्रमांक मिळतो (माझ्या शेवटी एक्स आहे, तो पडताळणीचा) आणि संस्था, देश, आडनाव काहीही बदललं तरी तोच राहतो. जुने पेपर डीओआय (प्रत्येक पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून जोडले. कुठली नोंद कुणाला दिसावी, हेही आपल्याच हातात. प्रबंधसुद्धा नोंदवलाय, रात्र रात्र जागून लिहिला होता तो.