फिरती शाळा, मुळशीचं कॉलेज की नागपुरातच अकरावी?

दहावीनंतर पोराला जगभर फिरणाऱ्या शाळेत घालायचं का, हा विषय नागपुरातल्या घरात निघाला की आजी जेवणाचं विचारते, आई आजारपणाचं आणि बाबा फीचा आकडा. तिन्ही काळज्या रास्त आहेत. पण त्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यावा: बारावीनंतर याला जायचंय कुठे? मेडिकलला, इंजिनिअरिंगला, की बाहेरच्या विद्यापीठात? त्याचं उत्तर मिळालं की निम्मी तुलना तिथेच संपते.

फिरत्या शाळांमध्ये सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते थिंक ग्लोबल स्कूलचं. 2010 साली स्टॉकहोममध्ये तिचं पहिलं सत्र भरलं. स्वतःची इमारत नाही. मुलं आणि शिक्षक मिळून वर्षाला चार देशांत मुक्काम हलवतात आणि ज्या देशात असतील त्यालाच धरून प्रकल्प करतात. सुरुवातीला तिथे आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम होता, पुढे शाळेनं स्वतःचा प्रकल्पांवर उभा असलेला अभ्यासक्रम आणला. कॅनडाची क्लास अफ्लोट ही 1984 पासूनची, शिडाच्या जहाजावर चालणारी शाळा. तिथली मुलं वर्गात बसतात आणि पाळीपाळीनं डेकवर पहाराही देतात. अमेरिकेत मोंटानामध्ये ट्रॅव्हलिंग स्कूल आहे, ती मुख्यतः मुलींना एकेका सत्रासाठी नेते.

समोर ठेवायचा दुसरा पर्याय आपल्याच राज्यात आहे. मुळशीजवळच्या डोंगरावरचं यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेज, 1997 पासूनचं. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, वसतिगृहात राहणं आणि पन्नासहून जास्त देशांतली मुलं. ही शाळा फिरत नाही, जग तिच्याकडे येतं. तिसरा पर्याय एएफएससारख्या संस्थेमार्फत एक वर्ष परदेशातल्या कुटुंबात राहण्याचा. आणि चौथा, ज्याला आपण पर्याय म्हणून मोजतच नाही: नागपुरातच अकरावी-बारावी करायची आणि भटकंती सुट्ट्यांत.

कागदांचा विषय कंटाळवाणा आहे, पण माझ्या पाहण्यात गाडी अडते ती इथेच. राज्याच्या 85 टक्के कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर सर्वसाधारण नियमानं डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. इंजिनिअरिंगलाही राज्याच्या जागांसाठी दहावी-बारावी कुठून केली हे बघतातच. म्हणजे मुलगी चार खंड फिरून आली, नीटमध्ये गुणही चांगले पडले, तरी शासकीय मेडिकल कॉलेजच्या या जागांवर हक्क सांगताना बारावीच्या मार्कशीटवरचा पत्ता आडवा येतो. परदेशी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठासाठी एआययूचं, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेचं, समकक्षता प्रमाणपत्रही काढावं लागतं. फिरत्या शाळेत फॉर्म भरण्याआधी शाळेला लेखी विचारा: तुमची मान्यता कोणाची, आणि तुमच्या डिप्लोमावर भारतीय विद्यार्थ्याला एआययूचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे का? उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समजा.

मुळशीच्या बाबतीत हा गुंता बराच कमी. आयबी डिप्लोमा भारतात बारावीच्या बरोबरीचा धरतात आणि पत्ता महाराष्ट्राचाच असतो. अडचण वेळेची आहे. मे सत्राचा आयबी निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर इथल्या काही प्रवेशप्रक्रिया निम्म्यावर आलेल्या असतात. बाहेरच्या विद्यापीठात जाणाऱ्याला त्याचं काही नाही.

आता अभ्यास. नीट किंवा जेईई डोक्यात असेल तर फिरत्या शाळेचा विचार सोडून द्यावा, असं मी सरळ सांगेन. दर काही आठवड्यांनी देश बदलणाऱ्या शाळेला केमिस्ट्रीची लॅब पाठीवर वाहून नेता येत नाही, आणि फिजिक्सची रोजची गणितं बसमध्ये बसून होत नाहीत. तिथलं बळ वेगळं आहे: एखाद्या गावाच्या पाण्याच्या प्रश्नावर माणसांशी बोलून, मोजमाप करून, चित्रफीत किंवा अहवाल उभा करणं. हे करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या लिहिण्या-बोलण्यात जो सराईतपणा येतो, तो आपल्याकडच्या टायअप कॉलेजात, जिथे हजेरी कागदावर आणि मुलगा क्लासमध्ये, तिथे येणं शक्य नाही. आयबी या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं: सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, जोडीला सेवा आणि खेळ. सोपं मात्र अजिबात नाही. बोर्डात 95 टक्के मिळवलेली मुलंही पहिल्या सहामाहीत गांगरतात, कारण इथे ‘काय येणार आहे’ याची यादी कोणी देत नाही.

सांस्कृतिक देवाणघेवाण हा शब्द सगळ्याच माहितीपत्रकांत असतो, म्हणून इथे जरा खोलात जातो. वर्षात चार देश म्हणजे प्रत्येक देशाची तोंडओळख. भाजी घेण्यापुरते शब्द जिभेवर येईपर्यंत सामान बांधायची वेळ होते. मुलाची खरी ओळख होते ती सोबतच्या विद्यार्थ्यांशी, आणि ती पक्की असते यात शंका नाही. पण तो गटही आपल्याबरोबरच फिरत असतो. उलट एएफएसच्या वर्षात एकच घर, एकच मोहल्ला. ते लोक जे खातात ते खायचं, त्यांच्या आजीचा राग सहन करायचा, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच भाषेत भांडायचं. देवाणघेवाण म्हणून याची खोली मला सगळ्यात जास्त वाटते. तोटा हा की परतल्यावर ते वर्ष इथली शाळा बहुतेक धरत नाही, आणि मुलगा वर्गमित्रांच्या एक वर्ष मागे पडतो. नागपुरात हे ‘वर्ष वाया गेलं’ असं लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतात, त्याची तयारी ठेवा.

मुळशीत दोन वर्षं एकाच खोलीत वेगवेगळ्या देशांची मुलं राहतात. भटकंती फिरत्या शाळेइतकी लांबची नाही, पण पाय रोवायला जागा आहे. ही सगळी यूडब्ल्यूसी चळवळ कुर्ट हान या जर्मन शिक्षकाच्या विचारातून आली. साहसी शिबिरांची आउटवर्ड बाउंड त्याचीच, 1941 सालची. पहिलं यूडब्ल्यूसी, वेल्समधलं अटलांटिक कॉलेज, 1962 मधलं. पुस्तक, डोंगर आणि परकी माणसं हे तिन्ही एकत्र आणण्याची कल्पना त्यामुळे नवी नाही. आपल्या दारात तर ती त्याहून जुनी आहे. वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकायची नई तालीम मांडली. नागपूरहून सेवाग्रामला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते दहावीच्या सहलीत बापूकुटीबाहेर फोटो काढण्यापुरतंच पाहिलंय.

साहसाबद्दल फार बोलायला नको. कयाक, गिर्यारोहण, स्कूबा हे फिरत्या शाळांत उत्तम देखरेखीखाली होतं. पण त्यासाठी शाळा बदलण्याची गरज नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून आणि दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) 1954 पासून शिकवते आहे. 28 दिवसांचा मूलभूत कोर्स बारावीनंतरच्या मोकळ्या वेळात बसतो आणि खर्च फिरत्या शाळेच्या एका विमान तिकिटाच्या आसपास जातो. बारावीची परीक्षा आणि सीईटी आटोपल्यावर मे महिन्यात सोमनाथला, मूल तालुक्यात, बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते. चंद्रपूरच्या उन्हात फावडं मारणं हे कुठल्याही राफ्टिंगपेक्षा हलकं नाही. आदिवासींसाठीच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं हेमलकसा आहे, ग्रामसभेनं जंगल सांभाळणारं मेंढा-लेखा आहे. परदेशी मुलं ज्याचा प्रकल्प करायला हजारो मैल येतील, ते आपल्याकडून एका दिवसाच्या प्रवासावर.

पैसा. थिंक ग्लोबलसारख्या शाळेची पूर्ण फी वर्षाला अर्ध्या कोटीच्या वर जाते. गरजेप्रमाणे सवलत मिळते, तेव्हा आकडा बघूनच परत फिरू नका, पण सवलत गृहीत धरून मुलाला शब्दही देऊ नका. वरून दर देशाचा व्हिसा. आपल्या पासपोर्टवर हा खर्चही आहे आणि ताणही; युरोपातल्या वर्गमित्राचा व्हिसा लागत नाही तिथे आपल्या मुलाला रांगेत उभं राहावं लागतं. पैसे परदेशी पाठवताना बँक ठरावीक रकमेपुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, तरी तोवर रक्कम अडकलेली राहते. यूडब्ल्यूसीची फीही मध्यमवर्गाला घाम फोडणारी आहे, पण तिथली निवड आधी होते आणि शिष्यवृत्ती घरच्या परिस्थितीप्रमाणे ठरते, ही व्यवस्था मला जास्त प्रामाणिक वाटते. अर्जाचं काम दहावीच्या वर्षातच काढावं लागतं. निकालाची वाट बघत बसलेले पालक इथेच चुकतात.

तर कोणी कुठे जावं? मेडिकल किंवा राज्यातलं इंजिनिअरिंग पक्कं असेल तर नागपूर, सुट्टीत वर सांगितलेलं. मानव्यविद्या, पर्यावरण, आंतरराष्ट्रीय संबंध अशा विषयांकडे ओढा असेल, घरापासून लांब राहायची तयारी असेल, तर मुळशी. माझं मत बिनदिक्कत तिकडे. भाषा हाच जिव्हाळ्याचा विषय असेल तर एएफएसचं वर्ष. फिरती शाळा मी एकाच प्रकारच्या मुलाला सुचवेन: ज्याला पुढे परदेशातच शिकायचंय, ज्याच्या घरी पैशाची चणचण नाही किंवा सवलत हातात पडलेली आहे, आणि जो सांगितल्याशिवाय कामाला लागतो. तिसरी अट बाकी दोन्हींपेक्षा अवघड.

ती तपासायचा स्वस्त मार्ग म्हणजे दहावीनंतरच्या सुट्टीत यूथ हॉस्टेल्सच्या हिमालयातल्या ट्रेकला एकट्यानं पाठवणं, ओळखीच्या मित्रांशिवाय. परत आल्यावर फोटो बघू नका. सामान कोणी बांधलं, कपडे कोणी धुतले आणि तंबूतल्या न पटणाऱ्या पोराशी काय केलं, एवढं विचारा.