तेजस मार्क-1ए की आणखी राफेल? रिकाम्या स्क्वाड्रन भरण्याआधीचा हिशेब

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 निवृत्त झाले आणि भारतीय हवाई दलाकडे मंजूर 42 लढाऊ स्क्वाड्रनऐवजी (म्हणजे विमानांच्या तुकड्यांऐवजी) 29 उरल्या. ही तूट भरून काढताना पैसा स्वदेशी तेजसच्या मार्क-1ए या सुधारित आवृत्तीवर लावावा की आणखी फ्रेंच राफेलवर, याबद्दल ज्यांना आपले मत नीट बनवायचे आहे, त्यांनी कमाल वेगाचे आकडे बाजूला ठेवून आधी दोन्ही विमानांच्या वजनाकडे पाहावे. रडार बदलता येते, संगणक बदलता येतो, क्षेपणास्त्रे नवी जोडता येतात. विमानाचा आकार मात्र आराखड्याच्या वेळीच कायमचा ठरतो आणि पुढच्या बहुतेक मर्यादा त्यातूनच येतात.

तेजसचे रिकामे वजन सुमारे साडेसहा टन आणि उड्डाणाचे कमाल वजन साडेतेरा टन आहे. पोटात जेमतेम अडीच टन इंधन मावते, त्यामुळे शस्त्रे, पॉड (बाहेर टांगायच्या उपकरणांच्या पेट्या) आणि बाहेरच्या टाक्या या सर्वांसाठी मिळून साडेचार टनांच्या आसपासच वाव उरतो. राफेल रिकामे असताना साधारण दहा टनांचे असते, पावणेपाच टनांच्या आसपास इंधन आतच घेते आणि कमाल साडेचोवीस टन वजनानिशी उडते. म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतका भार ते बाहेर वागवू शकते. प्रत्यक्ष मोहिमेत याचा अर्थ असा होतो की दूरवर जाण्यासाठी तेजसच्या पंखांखाली इंधनाच्या दोन टाक्या लावल्या की तेवढ्या जागा शस्त्रांसाठी उरत नाहीत. त्यातच मार्क-1ए चा जॅमर, म्हणजे शत्रूच्या रडारला गोंधळवणारे उपकरण, पॉडच्या रूपात बाहेर टांगावा लागतो, कारण एवढ्या लहान धडात त्याला जागा नाही. राफेलची स्पेक्ट्रा ही स्वसंरक्षण यंत्रणा विमानाच्या अंगातच बसवलेली असल्यामुळे तिच्यासाठी शस्त्रे टांगायचा एकही पायलॉन खर्ची पडत नाही. शत्रूच्या हद्दीत खोलवर जाऊन जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करणारे स्काल्पसारखे जड क्षेपणास्त्र सोडण्याचे काम राफेलचेच आहे, आणि उपकरणे कितीही सुधारली तरी ते तेजसकडे जाणार नाही.

मात्र लहान असण्याचा फायदाही तितकाच खरा आहे. लहान विमान शत्रूच्या डोळ्यांना आणि रडारला उशिरा दिसते, त्याला एकच इंजिन सांभाळावे लागते आणि तासाला इंधनही कमी लागते. आपल्याच हद्दीवर गस्त घालणे किंवा घुसखोर विमानाला अडवण्यासाठी तातडीने उड्डाण करणे या कामांना दहा टनांचा भार लागत नाही. मिग-21 ने दशकानुदशके मुख्यतः हेच काम केले. दोन्ही विमानांचे पंख त्रिकोणी आहेत. फरक असा की राफेलला मुख्य पंखांच्या पुढे कॅनार्ड, म्हणजे छोटे पंख, आहेत आणि तेजसला ते नाहीत. असा मोठा, शेपटीविना त्रिकोणी पंख अचानक वळण उत्तम घेतो, पण वळण लांबले की वेग झपाट्याने गमावतो. कॅनार्डमुळे आणि दोन इंजिनांच्या जोरामुळे राफेलची ही अडचण बरीच कमी होते. लेहसारख्या उंच धावपट्टीवर विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, तेव्हाही हा जोर उपयोगी पडतो.

क्षेपणास्त्रांत राफेलची बाजू वरचढ आहे. राफेलवरच्या मिटिऑर या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचे रॅमजेट (बाहेरची हवा वापरून चालणारे) इंजिन लक्ष्यापर्यंतच्या बहुतांश वाटेवर रेटा देत राहते. तेजसच्या अस्त्र या भारतीय क्षेपणास्त्राची घन इंधनाची मोटर सुरुवातीलाच जळून संपते आणि पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर होतो. परंतु अस्त्र आपले आहे आणि तेजसचे सॉफ्टवेअरही आपले आहे, त्यामुळे नवे भारतीय शस्त्र त्यावर बसवायला परदेशी कंपनीच्या संमतीची, वेळापत्रकाची आणि दरपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तीस-चाळीस वर्षे वापरायच्या विमानाच्या बाबतीत मला हा मुद्दा पल्ल्याइतकाच वजनदार वाटतो.

किमतींची तुलना जपून करावी. 2016 मध्ये 36 राफेलचा करार 7.87 अब्ज युरोंना झाला आणि त्यात शस्त्रे, सुटे भाग व तळांवरील सोयीही धरलेल्या होत्या. सप्टेंबर 2025 मधला 97 तेजसचा करार करांखेरीज 62,370 कोटी रुपयांचा आहे. दोन्ही करारांत समाविष्ट गोष्टी वेगळ्या असल्याने नुसता भागाकार फसवा ठरेल. तरीही राफेल कित्येक पटींनी महाग आहे, याविषयी दुमत नाही.

तेजसची खरी दुखरी नस वेळेची आहे. फेब्रुवारी 2021 च्या करारातील 83 विमानांचा पुरवठा 2024 मध्ये सुरू व्हायला हवा होता, पण अमेरिकेहून येणारे एफ-404 इंजिनच उशिरा आले. त्या करारातले पहिले इंजिन मार्च 2025 मध्ये मिळाले. स्वदेशी कावेरी इंजिन तेजससाठी पुरेसे ठरले नाही, त्याची किंमत आपण आजही मोजत आहोत. नाशिकजवळ ओझरला, जिथे एके काळी मिग-21 तयार होत होते, तिथल्या तिसऱ्या उत्पादन साखळीतून पहिल्या मार्क-1ए ने ऑक्टोबर 2025 मध्ये उड्डाण केले. विमानांचे सांगाडे वेळेवर तयार झाले तरी इंजिने आली नाहीत, तर ही साखळी अडून राहील.

तेव्हा संख्या भरून काढायची असेल, तर पैसा तेजसवरच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मागणी नोंदवलेल्या 180 विमानांतून साधारण दहा स्क्वाड्रन उभ्या राहतात. तेवढ्या राफेल घेणे आपल्या अंदाजपत्रकाला झेपणार नाही. मात्र सीमेपलीकडच्या लांब पल्ल्याच्या हल्ल्यासाठी अंबाला आणि हाशिमारा येथील दोनच राफेल स्क्वाड्रन अपुऱ्या आहेत. तिथे आणखी राफेल घ्याव्यात, पण मर्यादित संख्येत, आणि भारतीय शस्त्रे जोडण्याचा हक्क करारात लेखी मिळत असेल तरच. अडीच टनांचे ब्राह्मोस वाहून नेण्यासाठी सुखोई-30 एमकेआय आपल्याकडे आधीच आहे, आणि त्याचे जुने रडार बदलण्याचा खर्च या दोन्ही खरेद्यांच्या आधी मंजूर व्हायला हवा.